काचेआडची चिठ्ठी

ती घटना आठवली की आजही प्रथम कानी येतो तो मतदान यंत्राचा लांबट, सरळ आवाज. पोलीस खात्यातील माझ्या सेवाकाळात खून, दरोडे, रेल्वेमार्गालगतच्या चोऱ्या, बांधावरून झालेल्या हाणामाऱ्या असे पुष्कळ काही हाताखालून गेले. त्यांतील बहुतेक प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे मनात राहिले आहे. यात कोणाला बेडी पडली नाही आणि वर्तमानपत्रांतही चार ओळींपलीकडे काही आले नाही. संबंधितांची नावे व गाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते वाचकांच्या ओघानेच ध्यानात येईल.

निवृत्तीपूर्वी कर्जत तालुक्यातील एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मिळून आमचा मतदारसंघ. भाताची झोडणी चालू होती, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. पहाटे स्नानसंध्या उरकून मी ठाण्यात आलो, बंदोबस्ताची हजेरी घेतली आणि गस्तीची वाहने रवाना केली. निवडणुकीच्या दिवशी पोलिसाचे काम बहुतांशी उभे राहण्याचे असते. उभे राहावे, दिसावे, आणि कोणाच्या अध्यातमध्यात येऊ नये.

दुपारच्या आधी बिनतारी यंत्रावर संदेश आला. कशेळ्याच्या अलीकडील एका गावात मतदान केंद्रावर गलका झाला होता. एका मतदाराच्या म्हणण्याप्रमाणे बटण एका चिन्हाचे दाबले आणि चिठ्ठी दुसऱ्याच चिन्हाची निघाली.

ज्यांनी ही व्यवस्था बारकाईने पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मतदान यंत्राशेजारी एक पेटी असते. बटण दाबले की तिच्या काचेआड दिवा लागतो. ज्याला मत दिले, त्याचे नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काही क्षण दिसते आणि मग कापली जाऊन आतल्या कप्प्यात पडते. मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यावी, एवढाच तिचा हेतू. ती चुकीची निघाली अशी तक्रार कोणी केली, तर केंद्राध्यक्ष त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञापत्र घेतात आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्याला एक चाचणी मत देऊ देतात. तक्रार खरी ठरली, तर त्या केंद्रावरील मतदान थांबते. खोटी ठरली, तर तक्रारदारावर कारवाई होऊ शकते. नियम कडक आहे, आणि तो तसा असण्याला कारणही आहे. कोणीही उठून यंत्रावर संशय घेऊ लागला, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या मतदारसंघात मतदान बंद पडेल.

मी पोहोचलो तेव्हा चाचणी होऊन गेली होती. तक्रारदाराने किटली या चिन्हाचे बटण दाबले, किटलीचीच चिठ्ठी निघाली. प्रतिनिधींनी सह्या केल्या, मतदान पुन्हा सुरू झाले. पण शाळेच्या आवारात जमाव होता, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. "किटली दाबली तर शिलाई मशीन निघतंय" हे वाक्य तेवढ्या वेळात खालापूरच्या पलीकडे जाऊन पोहोचले होते. दोन गावांत लोकांनी रांगा सोडल्याचे निरोप मला वाटेतच मिळाले होते.

तक्रारदार साठीच्या पुढचे शेतकरी होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही येथे तेच म्हणतो. त्यांच्याबद्दल एक गोष्ट पोलीस पाटलांनी मला बाजूला घेऊन सांगितली. "साहेब, बांधाचा तंटा असो का पाण्याचा, तात्याला बोलावत्यात. तात्या बोलला की दोनी बाजू गप. खोटं बोलणारा मानूस नाय त्यो." म्हणूनच गाव पेटले होते. दुसऱ्या कोणी तक्रार केली असती, तर लोकांनी हसून सोडून दिले असते.

आता या प्रकरणातील खरी गुंतागुंत. ते मत तात्यांचे नव्हतेच. ते त्यांच्या पत्नीचे होते.

बाईंची दृष्टी लहानपणी देवीच्या आजारात गेली होती. अशा मतदाराला सोबत एक विश्वासू माणूस आत नेता येतो. त्या सोबत्याने मताची गुप्तता राखीन असे लिहून द्यायचे असते, आणि तात्यांनी तसे लिहून दिले होते. चिठ्ठी पाहिली ती तात्यांनी, तेव्हा केंद्राध्यक्षांनी तक्रारीचे प्रतिज्ञापत्रही त्यांच्याकडूनच घेतले. ते नियमाला धरून होते की नाही, यावर नंतर वरिष्ठांमध्ये बराच खल झाला. त्या घटकेला मात्र तात्यांच्या माथी दोन दोष आले होते. एक खोट्या प्रतिज्ञापत्राचा, आणि दुसरा गुप्तता मोडल्याचा, कारण कोणते चिन्ह दाबले आणि कोणते निघाले हे त्यांनी भर केंद्रात ओरडून सांगितले होते.

केंद्राध्यक्षांचा लेखी अहवाल घेऊन मी दोघांना ठाण्यात आणले. बाहेर त्यांच्या मागोमाग टेंपो भरभरून माणसे आली आणि फाटकाशी उभी राहिली.

माझी एक सवय होती. चौकशीला आलेल्या माणसाला मी आधी थोडा वेळ नुसते बसू देत असे. माणूस बोलू लागला की सावध होतो. बसलेला असतो तेव्हा जसा आहे तसा दिसतो. चहा आला. महिला हवालदारांनी बाईंना विचारले, "मावशी, च्या साखरेचा का बिनसाखरेचा?"

तात्यांनी उत्तर दिले. "बिनसाखरेचा. तिला गोड चालत नाय."

थोड्या वेळाने अहवालाची प्रत दाखवण्यासाठी उपनिरीक्षकांनी तात्यांना शेजारच्या खोलीत नेले. तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "पोरी, चमचाभर साखर टाक गं. ते यायच्या आत."

हवालदार हसल्या. "मावशी, चोरून?"

"चोरून कुठं? पोलिसांसमोरच तर पिते."

मीही हसलो. हसताना मनात काहीतरी टोचले, पण ते काय, हे तेव्हा उमगले नाही.

तात्या परतले आणि मी रीतसर चौकशी सुरू केली. उपनिरीक्षक जबाब लिहू लागले.

"आत गेल्यापासून जे घडलं, ते क्रमाने सांगा."

"आधी तिला तो ठिपक्यांचा कागद दिला. सगळ्या उमेदवारांची नावं असत्यात त्याच्यावर. ती बोटांनी वाचते. ल्हानपनी मुंबईला मावशीकडं ऱ्हाऊन आंधळ्यांच्या शाळेत शिकलीय." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. "मी बोललो, तिसरं हाय गं, किटली. ती हूं बोलली. मग तिला मशीनजवळ नेली."

"बटण कोणी दाबलं?"

"तिनंच. मशीनवर बी ठिपके असत्यात बटनाशेजारी."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाय. मी तोंड फिरवलं."

"का?"

तात्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "मत तिचं हाय साहेब. बघू कसा?"

"मग चिठ्ठी का पाहिलीत?"

"आवाज झाला तवा वळलो. तिला काच दिसत नाय ना. कुनीतरी बघाया नको, बराबर पडलं का नाय? बघतो तर शिलाई मशीन!"

"तिसरंच बटण दाबलं गेलं, हे कशावरून?"

"आवो, गावकीत ठरलंय! देवळापुढं बैठक झाली, सगळ्यांनी हात वर केलं. हिनं बी केला. घरी बी बोलली, किटलीच." मग त्यांनी शेवटचा शब्द टाकावा तसे म्हटले, "साहेब, लगीन झाल्यापासून ही बाई एक बोलली आन् दुसरं केलं, असं झालं नाय. ती चुकनार नाय. म्हंजी मशीन चुकलं."

बाईंची बोटे इतका वेळ टेबलाच्या कडेवरून सावकाश फिरत होती. नवीन ठिकाणी आल्यावर अंध माणसे अशी जागा जाणून घेतात. तात्यांच्या या वाक्यावर ती बोटे जागच्या जागी थांबली. चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. फक्त बोटे थांबली.

आणि मला कळले.

तात्या खरे बोलत होते. यंत्रही खरे बोलत होते. एका सज्जन माणसाने पत्नीच्या मताचा मान ठेवून पाठ फिरवली, आणि तिच्याच काळजीने पुन्हा वळून पाहिले. त्या दोन हालचालींमध्ये जो क्षण गेला, त्यात एक बोट ठिपके वाचत आपल्या मनाने पुढे सरकले होते.

उपनिरीक्षक तरुण आणि हुशार होते. त्यांच्याही ते ध्यानात आले असावे. मला व्हरांड्यात नेऊन ते म्हणाले, "सर, बाईंना विचारून टाका ना, कोणतं बटण दाबलं. एका वाक्यात विषय संपेल. तात्याही सुटतील, अफवाही थांबेल."

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. परंतु विचार करा. तात्यांनी दोन्ही चिन्हे ओरडून सांगितली होती. यंत्र बरोबर होते असे एकदा मान्य झाले, की बाईंचे मत उघड्यावर पडणार. गावकीत हात वर करून आतमध्ये दुसरीकडे मत दिलेली बाई! तिला कोणी मारले नसते. आमच्या भागातली माणसे तशी नाहीत. पण हळदीकुंकवाचे बोलावणे चुकले असते, लावणीला हात मिळाले नसते, आणि ज्या नवऱ्याच्या शब्दावर गाव चालते, त्याच्या घराकडे बोट दाखवून लोक हसले असते. उलट ती गप्प राहिली, तर तात्या खोट्या प्रतिज्ञापत्रात अडकणार आणि अफवा आणखी पसरणार.

मी उपनिरीक्षकांना म्हणालो, "विचारता येणार नाही. मत कोणाला दिलं, हे सांगायला कायदा कोणालाही भाग पाडत नाही. न्यायालयातसुद्धा नाही. तिथे आपण कोण?"

आम्ही आत आलो. मी खुर्चीत बसलो आणि तेच वाक्य दोघांना ऐकू जाईल असे, सावकाश उच्चारले. "बाई, आपण मत कोणाला दिलंत, हे मी विचारणार नाही. न्यायाधीशही विचारू शकत नाहीत. त्या जागेत आपल्यावर कोणाचाही अधिकार चालत नाही. आणि तात्या, कायद्याला मुद्दाम खोटं बोललेलं चालत नाही. प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसाला तो सहसा त्रास देत नाही. आपण चुकला असलात तर कसे चुकलात, याचा विचार करा. मी जरा बाहेर बंदोबस्त पाहून येतो."

त्या दोघांखेरीज सर्वांना घेऊन मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतले. फाटकाशी घोषणा सुरू झाल्या होत्या. मी व्हरांड्यात उभा राहून मनातल्या मनात नामस्मरण करीत होतो. आत काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. बोलणे फार झाले नसावे. एकदा तात्यांचा चढा आवाज आला, "मला सांगाया काय झालं व्हतं?" त्यावर बाईंचे काहीतरी हळू शब्द.

तात्या बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ते म्हणाले, "साहेब, जबाब लिवून घ्या. माझ्या डोळ्याला पडदा येतोय आताशा. चिठ्ठी मी नीट वाचली नाय. किटलीचीच आसंल. मशीन बराबर हाय."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी नजर वळवली नाही. माझ्यासमोर उभा असलेला माणूस बहुधा आयुष्यात प्रथमच असे बोलत होता, आणि ते त्याला जड जात होते. बालपणी पाठशाळेत सत्यावर मी पुष्कळ पाठ केले आहे. सत्य बोलावे, हे जितक्या निश्चयाने शिकवले, तितक्याच निश्चयाने ते प्राणिमात्राच्या हिताचे असावे, हेही गुरुजींनी शिकवले होते. ती दोन वचने एकमेकांसमोर उभी राहिलेली मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली.

"डोळ्याचा दोष आपल्याला नक्की आठवतो?" मी विचारले. विचारणे माझे कर्तव्य होते.

"नक्की," ते म्हणाले.

जबाब त्यांनी दिला तसा लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली. खाली बाईंचा अंगठा घ्यावा का, असे उपनिरीक्षकांनी विचारले. मी म्हणालो, "त्यांना काही विचारलेलंच नाही. मग अंगठा कशाला?"

मग तात्या स्वतः होऊन पायरीवर गेले. जमाव शांत झाला. "आरं, घरला जावा," ते म्हणाले. "मशीनचं काय चुकलं नाय. माझ्या डोळ्यानं चुकवलं. मी वाचलं येक, व्हतं येक."

मागून एकाने टोमणा मारला, "तात्या, डोळं तुजं गेलं का मावशीचं रं? मावशीलाच पाठवाचं ना मग चिठ्ठी वाचाया!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आता बांधाच्या साक्षीला तात्याला नको बाबा. बांध येकाचा, दिसंल दुसऱ्याचा!"

ज्याच्या शब्दावर तंटे मिटत, त्या माणसाला हे ऐकावे लागत होते. ते हसले. "नको बोलवूस. माझी दगदग वाचंल. पन आधी मत टाकून या, मग हसा."

लोक हसत हसत पांगले. अफवेला रागापेक्षा हशा लवकर मारतो, हे निरीक्षण मी पुढच्या अधिकाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो. दुपारनंतर त्या दोन गावांतल्या रांगाही पुन्हा लागल्या.

बाई जबाबाच्या खोलीतून बाहेर आल्या. तात्यांनी नेहमीप्रमाणे कोपर पुढे केले, त्यांनी ते धरले. पायरी उतरताना तात्या म्हणाले, "जपून गं." दुसरे काही नाही.

मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला. मुद्दाम खोटे विधान केल्याचे दिसून येत नाही, मतदान सुरळीत पार पडले, पुढील कारवाईची आवश्यकता वाटत नाही. त्यांनीही समज देऊन प्रकरण मिटवले.

राहिली एक धास्ती. मोजणी केंद्रवार होते, आणि तो आपल्या व्यवस्थेतला एक नाजूक भाग आहे. चिठ्ठी कितीही गुप्त असली, तरी लहान गावाचा आकडा उघडाच पडतो. सगळ्या गावाने एकच चिन्ह ठरवलेले असताना शिलाई मशीनला एकच मत निघाले असते, तर लोकांना तात्यांचे डोळे पुन्हा आठवले असते. मोजणीच्या दिवशी मी कर्जतला बंदोबस्तावर होतो. त्या केंद्राचा आकडा पुकारला गेला. किटलीला बहुमत होतेच. पण शिलाई मशीनलाही मते होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती. देवळापुढे हात वर केलेल्यांपैकी कितीतरी जण आत जाऊन आपल्या मनाने वागले होते. गावचे पोलीस पाटील माझ्याजवळच उभे होते. ते डोके खाजवीत म्हणाले, "साहेब, आता कुनी कुनाकडं बोट दाखवाचं?" मी मनातून हात जोडले.

पुढच्या उन्हाळ्यात एका पाणंदीच्या वादाच्या चौकशीसाठी त्या गावी जाणे झाले. काम उरकल्यावर तात्यांनी आग्रहाने घरी नेले. ते गोठ्याकडे गेले असताना ओटीवर मी आणि बाई एवढेच होतो. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी तुमी इचारलं नाय."

"तो माझा अधिकार नव्हता."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं मी. तेंच्यासाठी. तयारीच केली व्हती मनाची." त्यांची बोटे ओटीच्या कडेवरून फिरत होती. "लोकं मला सगळं सांगत्यात. इकडं पायरी हाय, तिकडं खड्डा हाय, हे खा, हे नको. मायेनंच सांगत्यात. येकच जागा अशी हाय, तिथं कुनी सांगत नाय. तेवढी राखून ठेवली तुमी."

"ती मी राखली नाही, बाई," मी म्हणालो. "तात्यांनी राखली."

"तेनला तर मी हे रोज बोलते," त्या हसल्या. "आज तुमाला बोलले."

आयुष्यभर माझी कसोटी प्रश्न विचारण्यावर लागली. कोणता प्रश्न कधी विचारावा, कोणाला एकट्याने विचारावा, कोणाला चौघांत विचारावा, हेच मी शिकलो आणि पुढच्यांना शिकवत आलो. मतदान यंत्र, त्याची काच, ती चिठ्ठी, ते ठिपके, हे सारे ज्यांनी रचले, त्यांनी माणसाला एका क्षणापुरते कोणाचाही नसण्याचा अधिकार दिला आहे. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आपण आपोआप थांबतो. काही उंबरे दगडाचे नसतात, आणि त्यांच्याशी थांबायला गणवेशातील माणसालाही शिकावे लागते. मला ते एका शेतकऱ्याने शिकवले. पत्नीचे मत पाहायचे नाही म्हणून त्याने पाठ फिरवली होती, आणि वळून पाहण्याची जी चूक त्याच्याकडून मायेपोटी झाली, तिची भरपाई गावभर स्वतःचे हसे करून घेऊन केली. बाईंनी कोणाला मत दिले, ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही आजवर विचारले नाही.